ड्रॅग रेसची गाडी: आधी टायरचे माप ठरवावे की मागचे सस्पेन्शन?

सरळरेषा

मंडळी, एका प्रश्नावर निर्णय होत नसल्यामुळे हा धागा काढत आहे. गाडी दोन दारांची आहे. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा जुन्या मांडणीची असून मागचा अखंड एक्सल पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसवलेला आहे. व्हीलबेस २७४३ मिमी, माझ्यासह वजन १४५० किलो आणि त्यातले ४६ टक्के मागच्या चाकांवर, अशी मापे हाती आहेत. इंजिन ४५० अश्वशक्तीचे आहे, कमाल ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास मिळते आणि ६५०० च्या पुढे ते ताणण्याची माझी तयारी नाही. गिअरबॉक्स क्लचचा, चार गिअरचा, चौथा गिअर थेट १:१. क्राउन-पिनियनचे (मागच्या एक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचे) प्रमाण ३.७३, डिफरन्शियल लिमिटेड स्लिपचे, म्हणजे एकच चाक मोकळे घसरू न देणारे. सध्याचे टायर २६ इंच उंचीचे, साधे रस्त्यावरचे आहेत.

पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, साडेअकरा सेकंदांत पार व्हावेत एवढीच अपेक्षा आहे. ही ताकद आणि हे वजन पाहता कागदावर ती अवाजवी वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र क्लच सोडताच मागचा एक्सल नाचू लागतो, आसनाखालून हातोडे मारल्यासारखा आवाज येतो आणि पाय उचलावाच लागतो. पहिल्या ६० फुटांत जे जाते ते पुढे कुठेच भरून निघत नाही.

समोर पर्याय बरेच आहेत. पाटे तसेच ठेवून ट्रॅक्शन बार (पाटा वाकू न देणाऱ्या दांड्या) लावता येतील, पाटे काढून एक्सल दांड्यांनी बांधणारे लॅडर बार बसवता येतील किंवा थेट फोर-लिंक (चार दांड्यांची रचना) करता येईल. टायरमध्ये २८ × १०.५-१५ मापाचा बायस-प्लाय स्लिक (खाचा नसलेला, फक्त पट्टीवरचा टायर), २७५/६० आर १५ मापाचा ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारा रेसचा टायर) आणि हौस म्हणून २९.५ इंचांचा स्लिक मनात आहे. चाकाच्या कमानीत पत्रा न कापता पहिली दोन मापे बसतील, तिसऱ्यासाठी आतली बाजू कापावी लागेल. गाडी अधूनमधून रस्त्यावर चालवतो आणि पट्टीवर, म्हणजे रेसच्या सरळ धावपट्टीवर, स्वतःच चालवत नेतो. सुरुवात कुठून करावी?

ग्रीसचा डाग

सुरुवात टायरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या सस्पेन्शनचे काम टायरचा जमिनीवरचा ठसा दाबून धरणे एवढेच असते, आणि कोणता टायर किती जोराने व किती वेगाने दाबलेला आवडतो हे ठरल्याशिवाय लांबी, उंची, कोन यांपैकी कशालाच आधार राहत नाही. टायरच्याही आधी एक गोष्ट येते, ती तुम्ही सांगितली आहे पण तिच्याकडे पर्यायांच्या यादीत लक्ष दिलेले दिसत नाही: तुमची गाडी क्लचची आहे.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत ताकद तुलनेने गुळगुळीतपणे मागे पोहोचते. क्लचच्या गाडीत फ्लायव्हीलमध्ये साठलेली फिरती ऊर्जा क्लच सोडताच एका धक्क्यात एक्सलवर आदळते. हा धक्का कुठेतरी जिरायला हवा. बायस-प्लाय स्लिकच्या आतले धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात आणि त्याची बाजूची भिंत मऊ असते. सुटतानाचे चित्रण संथ गतीने पाहिले तर आधी रिम फिरते, भिंतीवर तिरक्या सुरकुत्या उठतात, टायरचा जमिनीवरचा भाग क्षणभर मागे राहतो आणि मग त्या सुरकुत्या उलगडताना गाडी पुढे ढकलली जाते. तो क्षण म्हणजे तुमच्या एक्सलच्या, गिअरबॉक्सच्या आणि क्राउन-पिनियनच्या आयुष्याचा विमा आहे.

ड्रॅग रेडियलमध्ये ही सवलत फार कमी मिळते. त्याचा ठसा ताठ राहतो, धक्का जवळपास सरळ जमिनीला पोहोचतो आणि तो पकडला तर उत्तम पकडतो. पण एकदा घसरला की पाय उचलल्याशिवाय सहसा सावरत नाही. बायस स्लिक थोडे घसरणे सहन करतो आणि घसरताघसरता पुन्हा धरतो. रेडियलच्या बाजूने सांगायचे तर तो कमी ऊर्जा खातो, वेगात त्याची उंची फारशी वाढत नाही आणि पट्टीच्या शेवटी गाडी अधिक स्थिर राहते. ऑटोमॅटिक गाडी असती तर मी डोळे झाकून २७५/६० आर १५ सुचवला असता. क्लचसाठी २८ × १०.५ चा मऊ भिंतीचा बायस स्लिकच घ्यावा.

२९.५ इंचांची हौस मात्र सोडून द्या. त्यासाठी पत्रा कापावा लागेल, क्राउन-पिनियन आणखी आखूड करावे लागेल आणि ४५० अश्वशक्तीला त्याची गरजही नाही.

निळा धूर

वरील प्रतिसादातील टायरविषयीचे विवेचन मान्य आहे, क्रम मान्य नाही. एक्सल नाचत असताना जगातला सर्वोत्तम टायर लावला तरी तो सेकंदाला कित्येकदा जमिनीवरून हलका होत राहणार, आणि पकड वाढल्यामुळे नाचण्याचा जोर उलट वाढणार. साध्या टायरवर जो एक्सल थडथडतो, तो स्लिकवर काहीतरी मोडून दाखवतो.

पाट्यांवरच्या एक्सलमध्ये काय घडते ते आधी पाहावे. चाके पुढे फिरवण्यासाठी लागणारा पीळ एक्सलच्या हाउसिंगवर उलट दिशेने येतो आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. पाट्याला एकाच वेळी गाडी तोलायची असते, एक्सल जागेवर ठेवायचा असतो आणि हा पीळही सोसायचा असतो. तो इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, टायर क्षणभर दाबला जातो, मग पाटा सुटतो, टायर हलका होऊन घसरतो, पीळ उतरतो, टायर पुन्हा धरतो, आणि हे चक्र चालू राहते. सरळरेषा यांना ऐकू येणारे हातोडे ते हेच आहेत.

यावर पक्का उपाय म्हणजे एक्सलला स्वतंत्र दांड्यांनी बांधणे. लॅडर बारमध्ये प्रत्येक बाजूची दांडी एक्सलला दोन बोल्टांनी घट्ट जोडलेली असते आणि पुढे एकाच बिंदूवर फिरते. फोर-लिंकमध्ये वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे भेटतात तो इन्स्टंट सेंटर. गाडी जणू त्या बिंदूवरून ढकलली जाते. लॅडर बारमध्ये हा बिंदू म्हणजे पुढची खीळच, त्यामुळे तो फार हलवता येत नाही. फोर-लिंकच्या ब्रॅकेटना भोकांच्या ओळी असतात, त्यामुळे तो हवा तिथे नेता येतो. दोन्ही प्रकारांत एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार किंवा तिरकी दांडी लागते, हे अंदाजपत्रकात धरायला विसरू नये.

थेट फोर-लिंक करावे, असे माझे मत आहे. पुढे ताकद वाढवली तरी तेच चालेल.

तेरा-चौदाचा पाना

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आकडे मांडल्याशिवाय हा वाद मिटणारा नाही. मी तीन हिशेब मांडतो.

पहिला हिशेब वजनाच्या सरकण्याचा. गाडी पुढे झेपावताना मागच्या चाकांवर जास्तीचे किती वजन येते हे एकूण वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस या चारच गोष्टींवर अवलंबून असते. गुरुत्वमध्य अशा जुन्या मांडणीच्या गाडीत ढोबळमानाने इंजिनाच्या कॅमशाफ्टच्या उंचीला धरतात. तो ५५९ मिमी मानू. ५५९ भागिले २७४३ म्हणजे ०.२०४. प्रवेग १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) असेल तर १४५० किलोच्या गाडीत सुमारे ३५५ किलो मागे सरकतात. उभ्या गाडीत मागे ६६७ किलो होते, ते १०२२ होतात. एवढ्या भाराने १.२ जी मिळवायचा तर टायर आणि पट्टी यांच्यातला घर्षणगुणांक १.७ लागतो. साध्या टायरकडून तो मिळणे शक्य नाही. गोंद मारलेल्या पट्टीवर गरम केलेल्या स्लिककडून किंवा ड्रॅग रेडियलकडून तो मिळतो.

या सूत्रात पाटे, लॅडर बार, फोर-लिंक यांपैकी काहीही नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. सस्पेन्शन बदलून एकूण सरकणारे वजन बदलत नाही. ते किती झटकन टायरवर पोहोचते आणि पोहोचल्यावर स्थिर राहते की हेलकावे खाते, एवढेच सस्पेन्शनच्या हाती असते. म्हणून आधी टायर, या मताकडे माझा कल आहे.

दुसरा हिशेब अँटी-स्क्वॉटचा. मागच्या टायरच्या ठशापासून पुढच्या एक्सलच्या वर गुरुत्वमध्याच्या उंचीपर्यंत एक तिरकी रेषा काढा. इन्स्टंट सेंटर त्या रेषेवर असेल तर अँटी-स्क्वॉट १०० टक्के, म्हणजे गाडीचा मागचा भाग बसतही नाही आणि उठतही नाही. रेषेच्या वर असेल तर बॉडी एक्सलपासून वर ढकलली जाते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून टायर जमिनीत दाबला जातो. खाली असेल तर गाडी मागे बसते. या गाडीत इन्स्टंट सेंटर मागच्या एक्सलपुढे १२७० मिमीवर असेल तर १०० टक्क्यांसाठी त्याची उंची २५९ मिमी हवी. तीच ३०० मिमी केली तर ११६ टक्के होतात. आता ८१३ मिमी, म्हणजे ३२ इंचांचा लॅडर बार घ्या. तिथे १०० टक्क्यांची उंची फक्त १६६ मिमी येते आणि पुढची खीळ २३० मिमीवर बसली तर अँटी-स्क्वॉट १३९ टक्क्यांवर जातो. लॅडर बारची गाडी टायरला जोराने झोडपते असे म्हणतात, त्याचे कारण या भूमितीत आहे. मऊ भिंतीचा बायस स्लिक हा मार पचवतो. रेडियलला मात्र असा तडाखा मानवत नाही, कारण झटक्यात आलेला दाब तितक्याच झटक्यात परत जातो आणि नेमक्या त्याच वेळी टायर सुटतो.

तिसरा हिशेब गिअरचा, आणि या धाग्यात त्याच्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले आहे. टायरची उंची हा गिअरच असतो. साडेअकरा सेकंदांच्या धावेत ही गाडी शेवटच्या रेषेवर सुमारे १९५ किमी वेगात असेल. २६ इंचांचा टायर आणि ३.७३ वर इंजिन ५८४० फेऱ्यांवर असेल. टायर २८ इंचांचा केला आणि ३.७३ तसेच ठेवले तर ५४३० फेऱ्या. म्हणजे कमाल ताकदीपर्यंत इंजिन पोहोचणारच नाही, शिवाय सुटताना चाकाचा जमिनीवरचा रेटाही ७ टक्क्यांनी घटेल. २८ इंचांबरोबर ४.१० घेतले की ५९७० फेऱ्या येतात, आणि बायस स्लिक वेगात फुगून थोडा उंच होतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी. तुमच्या इंजिनासाठी हे जोडीचे माप आहे. थोडक्यात, २८ इंचांच्या टायरच्या खर्चात ४.१० चे क्राउन-पिनियन धरूनच विचार करा.

हवापाणी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, मग १०.५ वर का थांबायचे?

ग्रीसचा डाग

@हवापाणी, शंका बाळबोध नाही. ठशाचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. रुंदी वाढवली की ठसा रुंद आणि आखूड होतो. रबराची गंमत अशी की प्रति चौरस सेंटिमीटर भार कमी झाला की ते अधिक चांगले धरते आणि उष्णताही जास्त क्षेत्रात पसरते, म्हणून रुंदीचा फायदा होतो, पण तो एका मर्यादेपर्यंतच. पुढे टायरचे वजन आणि तो फिरवण्यासाठी लागणारी ताकद वाढत जाते आणि कमी अश्वशक्तीच्या गाडीत रुंद टायर पुरेसा गरमही होत नाही.

उंचीचा फायदा लोक कमी लेखतात. उंच टायरचा ठसा लांब होतो आणि सरळ रेषेत ओढण्यासाठी लांब ठसा फार उपयोगी पडतो. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेस संघटनेच्या स्टॉक एलिमिनेटर वर्गात मागचा स्लिक ९ इंचांहून रुंद चालत नाही. तरीही त्या वर्गातल्या गाड्या सुटताना पुढची चाके हवेत उचलतात. तेव्हा १०.५ इंच कमी आहेत, अशी तक्रार ४५० अश्वशक्तीच्या गाडीने करू नये.

निळा धूर

पाना यांचे हिशेब तपासले; बरोबर आहेत. मात्र त्यांच्याच आकड्यांवरून फोर-लिंकची बाजू बळकट होते. लॅडर बार १३९ टक्क्यांवर अडकून पडतो आणि फोर-लिंक ११० वर आणता येतो. उद्या रेडियल लावायचे ठरले तर फक्त भोक बदलायचे.

शिवाय टायर २६ चा २८ केला की मागची बाजू इंचभर वर येते आणि सगळी भूमिती बदलते, तेव्हाही बदलता येणारी व्यवस्था हवीच.

तेरा-चौदाचा पाना

भूमिती बदलते हे खरे, पण किती? २५ मिमी मागे उचलल्यावर इन्स्टंट सेंटर सुमारे १४ मिमी आणि गुरुत्वमध्य ११ मिमी वर जातो. १०० टक्क्यांचे जेमतेम १०३ होतात. यासाठी सस्पेन्शन बदलायची गरज नाही.

फोर-लिंकबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. त्यातले स्वातंत्र्य ज्याला वापरता येते त्याच्यासाठी ते वरदान आहे. दोन बाजूंच्या दांड्या एकेका भोकाने वेगळ्या लागल्या, किंवा दांडीची लांबी एका बाजूला थोडी जास्त राहिली, तर गाडी सुटताना आडवी जाते आणि कारण शोधण्यात अख्खा हंगाम जातो. त्याचे सांधे गोळीचे असतात. रस्त्यावरची धूळ आणि खड्डे यांनी ते लवकर ढिले होतात आणि आवाज थेट गाडीत येतो. सरळरेषा गाडी स्वतः चालवत पट्टीवर नेतात. चेसीचे रेल कापून, क्रॉसमेंबर वेल्ड करून ही गाडी फोर-लिंकची केली की ती रस्त्याची राहणार नाही, हे त्यांना मान्य आहे का?

पाट्यांना कमी समजण्याचेही कारण नाही. क्रायस्लरचे सुपर स्टॉक पाटे खास ड्रॅग रेससाठी निघाले, तेव्हा त्यांत एक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि ताठ ठेवला होता आणि डावा-उजवा पाटा वेगवेगळा बनवला होता. एक्सलच्या पुढचा भाग वाकू दिला नाही की पाटा जवळपास लॅडर बारसारखेच काम करतो. साधा ट्रॅक्शन बार पाट्याखाली बसतो. पीळ आला की त्याच्या टोकाचा रबरी ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याला टेकतो आणि एस आकार तिथेच थांबतो. त्याहून चांगली रचना दोन तुकड्यांची असते. तिच्यात खालची दांडी पुढे रेटली गेली की डोळ्यापाशी बसवलेली फिरती पट्टी पाट्याला वरून दाबते, म्हणजे पीळ जितका जास्त तितका पाटा घट्ट धरला जातो. ४५० अश्वशक्तीला हे पुष्कळ झाले, आणि सगळे बोल्टाने बसते.

सरळरेषा

सर्वांचे आभार. गाडी रस्त्याची राहिली पाहिजे, त्यामुळे रेल कापायची माझी तयारी नाही. फोर-लिंकवर तूर्त फुली.

एक निरीक्षण नोंदवतो, त्याचा अर्थ सांगावा. एक्सल फारसा नाचला नाही अशा धावेतही पट्टीवर उजव्या टायरचा काळा पट्टा डाव्यापेक्षा ठळक आणि लांब उमटतो आणि गाडी उजवीकडे ओढते. टायरची हवा दोन्हीकडे सारखी होती. लिमिटेड स्लिप खराब झाली असे समजावे का?

ग्रीसचा डाग

लिमिटेड स्लिपला दोष देण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) विचार करा. शाफ्ट ज्या पिळाने पिनियन फिरवतो, तोच पीळ संपूर्ण एक्सलला त्याच दिशेने कलवू पाहतो: डावे चाक जमिनीत, उजवे चाक वर. उजवे चाक हलके झाले म्हणून ते आधी घसरते, डावे जास्त ढकलते आणि गाडी उजवीकडे जाते.

यातला बारकावा असा. इंजिनही तेवढ्याच पिळाने बॉडीला उलट कलवते, म्हणजे डावा पुढचा कोपरा वर आणि उजवा मागचा खाली. बॉडीचा हा कल जर पूर्णपणे मागच्या सस्पेन्शनने झेलला तर तो एक्सलवर परत येतो आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. मात्र पुढचा अँटी-रोल बार (बॉडीचा आडवा कल रोखणारी दांडी) त्यातला वाटा स्वतःकडे घेतो आणि तेवढी तूट मागे शिल्लक राहते. म्हणूनच ड्रॅगच्या गाड्यांत पुढचा अँटी-रोल बार काढतात आणि मागे जाड बसवतात. रस्त्यावर वळणे घेताना पुढच्या बारची गरज असते, तेव्हा तुम्ही तो फक्त पट्टीवर पोहोचल्यावर एका बाजूने सोडवा, आणि घरी निघण्यापूर्वी न विसरता जोडा. मागे मात्र चांगल्या जाडीचा बार कायमचा बसवा.

राहिलेली तूट उजव्या बाजूच्या पूर्वताणाने भरता येते. दोन तुकड्यांच्या ट्रॅक्शन बारमध्ये उजवी दांडी थोडी जास्त आवळतात. थोडी म्हणजे नटाची एक-दोन पाती; त्याहून जास्त आवळले तर गाडी डावीकडे जाऊ लागेल.

हवापाणी

स्वतंत्र मागचे सस्पेन्शन या चर्चेत कुठेच का नाही? आजच्या ताकदवान गाड्यांत तर तेच असते.

निळा धूर

कारण ज्याच्या गाडीत अखंड एक्सल आहे त्याने तो काढून स्वतंत्र सस्पेन्शन बसवण्यात काहीच लाभ नाही. कारखान्यातूनच आले असेल तर गोष्ट वेगळी. त्यातही चाके नाचतात, फक्त तिथे हाफ-शाफ्टचा पीळ आणि बुशांची लवचीकता कारणीभूत असते. कॅडिलॅकने सीटीएस-व्हीमध्ये डावा आणि उजवा हाफ-शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे केले, ते दोन्ही बाजूंची कंपने एकमेकांना साथ देऊ नयेत म्हणून.

२०१८ ची डॉज चॅलेंजर डेमन स्वतंत्र सस्पेन्शनवर, ३१५/४० आर १८ मापाच्या ड्रॅग रेडियलवर ९.६५ सेकंदांत पाव मैल गेली आणि एनएचआरएने ती वेळ प्रमाणित केली. त्या टायरची उंची काढून पाहा, ७०९ मिमी येते. म्हणजे आपण ज्याची चर्चा करतो आहोत तेच २८ इंच. उलट टोकाला टॉप फ्युएल, म्हणजे ड्रॅग रेसच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या, गाडीला मागे सस्पेन्शन मुळात नसतेच. एक्सल चेसीला घट्ट बांधलेला असतो आणि ३६ इंच उंच, १७.५ इंच रुंद टायरच स्प्रिंगचे काम करतो. क्राउन-पिनियन नियमानेच ३.२० ला बांधलेले, त्यामुळे धावेत टायर फुगून गिअर लांब करतो तोही फायदा त्यांना धरावा लागतो. एवढे वाचल्यावर टायर आधी या मतापुढे मीही नमते घेतो; फक्त एक्सल नाचणे आधी थांबवा, एवढा आग्रह कायम ठेवतो.

चौथी खीळ

बराच वेळ वाचत होतो. टायर आणि सस्पेन्शनच्या नादात एक्सल शाफ्टकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

साधा टायर घसरतो तेव्हा तो फ्यूजचे काम करत असतो. स्लिक लावला की हा फ्यूज काढला, आणि पुढचा कमजोर दुवा तुटेल. क्लचच्या गाडीत तो बहुधा एक्सल शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्टचा सांधा असतो. एनएचआरएच्या नियमांनुसार १०.९९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला, आणि डिफरन्शियल पूर्ण लॉक केलेल्या कोणत्याही गाडीला, बाजारातले मजबूत एक्सल आणि शाफ्ट तुटला तरी चाक बाहेर न पडू देणारी धारणा सक्तीची आहे. तुम्ही साडेअकराचे ध्येय ठेवले आहे, त्यामुळे लिमिटेड स्लिपवर असेपर्यंत ही सक्ती लागू होत नाही. पण नियम लागू होत नाही म्हणून शाफ्ट मजबूत होत नाही. प्रोपेलर शाफ्टभोवतीचे कडे मात्र स्लिकवर धावायचे तर लागेलच. पुढचा सांधा तुटला आणि शाफ्टचे टोक पट्टीत रुतले तर गाडी उलटू शकते. पहिली धाव घेण्याआधी ते बसवा.

दुसरा मुद्दा टायरच्या जोडीचा. मागे बायस आणि पुढे रेडियल असे मिश्रण करून १९५ किमी वेगात जाऊ नये. बायस आणि रेडियल टायर आडव्या बळाला वेगळा प्रतिसाद देतात, आणि पट्टीच्या शेवटी गाडी मागून पोहल्यासारखी वळवळू लागते. चालक स्टिअरिंगने सावरायला जातो आणि प्रकरण चिघळते. मागे बायस स्लिक तर पुढेही बायस. यामुळे सरळरेषा यांच्या हिशेबात आणखी एक जोड वाढतो. स्लिकवर रस्त्याने जाता येणार नाही, तेव्हा मागची चाके गाडीत भरून नेणे आलेच. आता पुढचीही न्यावी लागतील.

सरळरेषा

हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक आहे. चार चाके गाडीत भरून नेणे मला शक्य नाही. तेव्हा ड्रॅग रेडियल घ्यावा आणि क्लचचा धक्का दुसऱ्या मार्गाने कमी करावा, असे केले तर चालेल का?

ग्रीसचा डाग

चालेल. माझी शिफारस क्लच जसा आहे तसाच राहणार, हे गृहीत धरून होती. क्लचच्या हायड्रॉलिक नळीत तेलाचा परतीचा प्रवाह रोखणारी झडप बसवता येते. पेडल झटकन सोडले तरी शेवटच्या भागात क्लच ठराविक संथ गतीने पकडतो, त्यामुळे फ्लायव्हीलचा तडाखा पसरून येतो. त्याच्या जोडीला सुटतानाच्या फेऱ्या कमी ठेवा. असे केले तर २७५/६० आर १५ क्लचच्या गाडीतही नीट चालतो. झडपेचा जाच क्लचच्या अस्तराला सोसावा लागतो आणि ते लवकर झिजते, एवढे मान्य असावे.

मग सस्पेन्शनही त्याला साजेसे हवे. दोन तुकड्यांचे ट्रॅक्शन बार, पण डोळ्यापाशी असलेल्या फिरत्या पट्टीचे सौम्य भोक. मागे जुळवता येणारे शॉकअप, आणि त्यांत वर उठतानाची अडवणूक जास्त, म्हणजे बॉडी एक्सलपासून झटकन दूर जाणार नाही. पुढचे शॉकअप सहज उघडणारे आणि सावकाश मिटणारे.

तेरा-चौदाचा पाना

सहमत. क्राउन-पिनियन ४.१० च, कारण २७५/६० आर १५ चीही उंची ७११ मिमी भरते. रेडियल फुगत नाही म्हणून शेवटच्या रेषेवर ५९७० फेऱ्यांचा आकडाही जवळपास तंतोतंत मिळेल. पिनियनचा कोन पाहायला विसरू नका. पाट्यांवर ताकद आली की नाक वर उठते, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या रेषेपेक्षा ५-६ अंश खाली ठेवतात. ट्रॅक्शन बारने पाटा धरल्यावर त्याहून थोडे कमी चालते.

हवा १८ पीएसआयपासून सुरू करा आणि एका वेळी अर्धाच पीएसआय उतरवा. टायर गरम करून झाल्यावर पांढऱ्या बूट-पॉलिशचा पट्टा टायरच्या तळावर आडवा मारा आणि गाडी थोडी पुढे घेऊन पाहा. कडांवरचा पट्टा पुसला गेला आणि मधला राहिला तर हवा कमी आहे, मधलाच गेला तर जास्त आहे. रिम आणि टायर यांच्या सांध्यावरही एक खूण करा. धावेनंतर ती खूण तुटलेली दिसली तर रिम टायरच्या आत फिरते आहे, तेव्हा हवा आणखी उतरवू नका.

कोणालातरी मागच्या चाकाच्या उंचीवर कॅमेरा धरून बाजूने पहिल्या ६० फुटांचे चित्रण करायला सांगा. चाकाची कमान आणि टायर यांतली फट सुटताना वाढते की मिटते, आणि वाढल्यावर तशीच राहते की लगेच बुजते, हे त्यात दिसेल. लगेच बुजत असेल तर मागच्या शॉकअपची अडवणूक दोन घरांनी वाढवा. एका धावेत एकच गोष्ट बदला, आणि ६० फुटांची वेळ इथे टाका. १.७५ च्या आसपास आली तर तुमचा १.२ जी मिळाला असे समजायला हरकत नाही.